वेगवेगळ्या देशांचे लढाऊ वैमानिक एकाच शाळेत शिकतात, मग गुपितं कशी राहतात?

मी वैमानिक नाही, विमानांचं जुनं वेड आहे एवढंच. पण तुमच्या प्रश्नाला कॉट्समोरइतकं चपखल उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

ब्रिटन, पश्चिम जर्मनी आणि इटली यांनी मिळून टोर्नॅडो हे बॉम्बफेकी विमान बनवलं. तिघांचं विमान एकच, मग शिकवायला तीन शाळा कशाला? म्हणून जानेवारी १९८१मध्ये इंग्लंडमधल्या कॉट्समोर तळावर तिघांची सामाईक शाळा सुरू झाली. टोर्नॅडोत पुढे वैमानिक आणि मागे नॅव्हिगेटर बसतो, त्यामुळे जोडीच घडवावी लागे. विमानं तिन्ही देशांची, शिक्षकही तिघांचे. विद्यार्थी जर्मन, शिक्षक ब्रिटिश आणि विमान इटलीचं, असंही जमून यायचं. बोलायची भाषा इंग्रजी. कोणतं विमान कुणाचं हे शेपटीवरच्या अक्षरावरून कळे: बी, जी किंवा आय. (इटलीच्या विमानावरचं चिन्ह म्हणजे मधे हिरवं, मग पांढरं, बाहेर लाल. जुन्या फोटोत ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्षणभर आपलंच विमान वाटलं होतं!)

आता गुपितं. इथे या लोकांचा व्यवहारीपणा दिसतो. कॉट्समोरला विमान उडवायला शिकवत. ते घेऊन लढायचं कसं, हे ज्याचं त्याने घरी जाऊन शिकायचं. चूल एक, पण तिखटमीठ आपापलं. ब्रिटिश त्यासाठी हॉनिंग्टनला जात, जर्मन मायदेशी येव्हरला. हे फक्त संशयापोटी नव्हतं, कामच निराळं होतं. शत्रूच्या धावपट्ट्या उखडायला ब्रिटिशांचं अस्त्र जेपी-२३३, तर जर्मनांचं एमडब्ल्यू-१. ब्रिटिशांचा अणुबॉम्ब स्वतःचा, जर्मन विमानांसाठीचा अमेरिकेच्या ताब्यातला. शिवाय जर्मन नौदलही टोर्नॅडो वापरायचं, त्यांना जहाजं बुडवायची होती. एका वर्गात हे सगळं शिकवणार कसं?

पुढे प्रत्येकाने आपापल्या विमानात आपल्या मर्जीने सुधारणा केल्या, ‘एकच विमान’ हा पायाच खचत गेला आणि १९९९मध्ये शाळा बंद झाली. जर्मनांचं टोर्नॅडो प्रशिक्षण अमेरिकेत न्यू मेक्सिकोला, ब्रिटिशांचं स्कॉटलंडमध्ये लॉसीमथला गेलं.

याउलट टेक्सासमधल्या शेपर्ड तळावरची नाटो देशांची शाळाही १९८१चीच, पण ती अजून चालू आहे. युरोपातल्या ढगाळ आकाशापेक्षा तिथे उडायला दिवस जास्त मिळतात, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. तिथे वैमानिकाचं मूळ शिक्षण होतं, आणि जेटवरचे धडे टी-३८वर. ते १९६१पासून सेवेत असलेलं शिकाऊ विमान. त्यात कुणापासून काय लपवणार?