हसता हसता रडू आले, तेव्हा

“ताई, परवा आमच्या रुग्णालयातल्या हास्ययोगाच्या वर्गात सगळ्यांबरोबर हसता हसता मला एकदम रडू कोसळले आणि ते थांबेचना. माझ्या डोक्यावर परिणाम होतो आहे का?” चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या, एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूमध्ये बरीच वर्षे काम केलेल्या परिचारिकेने इंदूरमधील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसताक्षणी हा प्रश्न विचारला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि त्यांना इथे सिस्टर एवढेच म्हणते. नाइट संपवून, पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवून म्हणजे हँडओव्हर देऊन, राजेंद्रनगरच्या घरी न जाता त्या थेट माझ्याकडे आल्या होत्या.

या प्रश्नाचे उत्तर मी लगेच दिले, कारण ते अडवून ठेवण्यासारखे नव्हते: नाही, हे वेडाचे लक्षण नाही. मोठ्याने हसताना छाती आणि श्वास सैल होतात, आणि दिवसचे दिवस दाबून धरलेले काही आत असेल, तर ते त्याच वाटेने बाहेर येते. मग मी त्या आठवड्यातल्या ड्युटीविषयी विचारले. चार नंबरच्या बेडवरचा एक तरुण रुग्ण दगावला होता, त्याच्या आईला आधार देऊन त्या परतल्या, आणि दहा मिनिटांच्या आत पाच नंबरच्या रुग्णासोबतच्या नातेवाइकाने चादर बदलली नाही म्हणून आवाज चढवला. “मी हसून सॉरी म्हटले,” त्या म्हणाल्या. माझ्या दृष्टीने त्यांच्या थकव्याची किल्ली या एका वाक्यात होती. ज्या बाईला दिवसभर नोकरीचा भाग म्हणून हसावे लागते, तिला सकाळची ड्युटी दोन वाजता संपल्यावर सव्वादोनला हजेरीपटावर सही करून पुन्हा हसायला बसवले, तर ते हसूही कामातच जमा होते.

याचा अर्थ हास्ययोग निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईतील एका बागेत मोजक्या लोकांना घेऊन तो सुरू केला. विनोदाची वाट न पाहता, टाळ्या वाजवत, एकमेकांच्या डोळ्यांत पाहून मुद्दाम हसायचे आणि त्या निमित्ताने श्वास लांब सोडायचा, हा त्याचा गाभा आहे. माइंडफुलनेसचा, म्हणजे चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावाचा, आठ आठवड्यांचा सुपरिचित अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बांधला. परिचारिकांवर या दोन्हींचे प्रयोग झाले आहेत आणि थकवा, ताण कमी झाल्याचे त्यांतून दिसते. मात्र बरेचसे अभ्यास लहान गटांवरचे आहेत आणि थकवा बहुधा परिचारिकांनीच भरलेल्या प्रश्नावलीतून मोजलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही बर्नआउटची, म्हणजे कामामुळे पार थकून जाण्याची, व्याख्या करताना त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळला गेलेला दीर्घकालीन ताण हे त्याचे मूळ सांगितले आहे. हे वाक्य मी सिस्टरांना दोनदा वाचून दाखवले, कारण दोष आपल्यातच आहे अशी त्यांची खात्री झाली होती.

पण समुपदेशनाआधी रक्ततपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे, आणि इतरांचे रिपोर्ट रोज हाताळणाऱ्या सिस्टरांनी स्वतःची तपासणी तीन वर्षांत केली नव्हती. थायरॉईड ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र ९.६ होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे त्यांना बरे वाटू लागले त्यात गोळ्यांचा वाटा किती आणि माझा किती, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

ध्यानाच्या बाबतीत पहिला प्रयत्न फसला. डोळे मिटले की त्यांना मॉनिटरचे अलार्म ऐकू येत. मग आम्ही डोळे उघडेच ठेवले आणि वेगळा वेळ शोधण्याचा नाद सोडला. परिचारिका दिवसातून कितीतरी वेळा हातांना सॅनिटायझर चोळते, आणि नीट चोळायला वीस ते तीस सेकंद लागतातच. तेवढ्यात लक्ष हातांच्या गारव्यावर, मग तळपायांवर, मग एका लांब उच्छ्वासावर आणायचे, आणि मागच्या बेडवरचे मागेच ठेवून पुढच्या बेडकडे जायचे. “हे जमेल, कारण यासाठी इनचार्जची परवानगी लागत नाही,” असे म्हणून त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या.

तिसऱ्या भेटीत श्वासाकडे लक्ष देता देता त्या खुर्चीतच झोपी गेल्या. मी पडदा ओढला, पुढच्या भेटीची वेळ फोन करून पुढे ढकलली आणि पाऊण तास त्यांना उठवले नाही. आदल्या पंधरवड्याचे रोस्टर मांडून पाहिले तेव्हा कारण दिसले: संध्याकाळची ड्युटी रात्री आठला संपवून दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा हजर, असे पाच वेळा, आणि मधल्या बारा तासांत स्वयंपाक, मुलाचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे.

तेव्हा आम्ही मेट्रनबाईंसाठी एक पानाचे पत्र लिहिले. त्यात तक्रार नव्हती, तीन विनंत्या होत्या: संध्याकाळनंतर लगेच सकाळ नको, हास्यवर्ग ड्युटीच्या वेळेतच दहा मिनिटांचा असावा आणि ऐच्छिक असावा, आणि हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना जोराने हसायला लावू नये. पहिली विनंती अर्धीच मान्य झाली, कारण माणसेच कमी आहेत. उरलेल्या दोन्ही मान्य झाल्या. आता वर्ग हँडओव्हरच्या आधी होतो. सिस्टर बहुतेक वेळा जातात. ज्या दिवशी वॉर्डात कोणी दगावले असेल त्या दिवशी जात नाहीत, पॅन्ट्रीत चहा घेऊन बसतात, आणि त्यांच्यासोबत आणखी दोघीजणी बसतात.