आई सभेला जाते म्हणून मूल मागे पडतं का?

राजकारणात किंवा चळवळीत असलेली, विशेष मुलाची आई माझ्याकडे आली की तिचा प्रश्न बहुधा हाच असतो : मी घरी बसले असते, तर मूल सुधारलं असतं का? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण मिळालं, तेव्हापासून तर तो फारच कानावर येतो. त्यातल्याच एका आईची ही गोष्ट, तिच्या परवानगीने आणि ओळख बदलून.

ज्योतीताई ग्रामपंचायत सदस्य. मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), मोजके शब्द बोलणारा. प्रचारात समोरच्या गटातलं कुणीतरी बोललं, "स्वतःचं पोर आवरेना, ही वॉर्ड काय आवरणार?" सासूबाईंचं म्हणणंही वेगळं नव्हतं. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवूनच ती आली होती.

"राजीनामा दिला की काय होईल?" मी विचारलं.

"त्याचं ओरडणं थांबेल. मी दिसले नाही की दार बडवतो, हाताला चावतो."

"घरातून निघता कशा?"

"मागच्या दाराने. सासूबाई त्याला टीव्हीसमोर बसवतात. पुढून गेले तर रडतो ना."

"मग तुम्ही गेल्याचं त्याला कळतं कसं?"

ती जराशी थांबली. "दारातल्या चपला बघतो. हल्ली तर मी घरात असले तरी सारखा जाऊन बघून येतो."

सगळी गोम त्या चपलांत होती. आई बाहेर जाते, याचा त्याला एवढा त्रास नव्हता. ती कुठल्या क्षणी नाहीशी होईल याचा भरवसा नसल्यामुळे, ती घरात असतानाही तो पहाऱ्यावर होता. स्वमग्न मुलांना पुढे काय होणार हे आधी कळलेलं असणं फार गरजेचं असतं. शब्द कमी पडतात, म्हणून ते डोळ्यांना दिसावं लागतं. मी हे सांगितलं तेव्हा ज्योतीताई रडली नाही, उलट ताठ बसली. "म्हणजे मी दिवसभर घरात राहिले, तरी तो चपलाच बघत बसणार?" हे तिचं तिला उमगलं, आणि मला विचाराल तर काम तिथेच अर्धं झालं. मी फक्त प्रश्न विचारले होते.

आम्ही एक पट्टी केली. आईचा फोटो, ग्रामपंचायतीच्या इमारतीचा फोटो, मग जेवणाचं ताट, मग पुन्हा आई. निघताना पट्टी दाखवायची, त्याच्यासमोर चपला घालायच्या आणि पुढच्याच दाराने जायचं. सुरुवातीला तो जास्त रडला. असं होतंच, आणि नेमकी तिथेच बरीच घरं माघार घेतात. त्यांनी घेतली नाही. हळूहळू तोच पट्टी घेऊन दारात यायला लागला.

आता बाबांकडे वळते. आई आणि मूल एवढीच जोडी समोर ठेवून मी काम करत नाही. अख्खं घर समोर आल्याशिवाय प्रश्न हलत नाही, हे माझं पक्कं मत आहे. नवरा म्हणाला, "तो हिच्याशिवाय राहतच नाही." मी विचारलं, "तुमच्याजवळ राहायची वेळ त्याच्यावर कधी आली?" पुढच्या भेटीत थेरपीला मुलाला तेच घेऊन आले.

ज्या आयांच्या मनात अपराधीपण घर करून आहे, त्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं. एकेकाळी स्वमग्नतेचं खापर आईच्या कोरडेपणावर फोडलं जायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ साली त्याला ठाम विरोध केला आणि मूळ मेंदूच्या घडणीत आहे असं मांडलं. ते स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. आपल्याकडे १९९५च्या अपंगत्व कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि स्वमग्नता त्यात आली. पालकांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, निवेदनं दिली, दारं झिजवली. तेही राजकारणच होतं. त्यामुळे तुमचं सार्वजनिक काम मुलाच्या विरोधात आहे, असं मुळीच समजू नका.

मात्र एका बाबतीत मी कडक आहे. मुलाला प्रचाराच्या व्यासपीठावर नेऊ नका. लाउडस्पीकर, फटाके, गर्दी यांचा अशा अनेक मुलांना अक्षरशः त्रास होतो. आणि "बघा, घरी असं मूल असूनही मी लोकांसाठी धावते" हे वाक्य टाळ्या मिळवत असलं, तरी ते त्याला विचारून बोललेलं नसतं. त्याचे फोटो, त्याचं निदान हे त्याचं आहे. ज्योतीताईला हे जड गेलं, कारण पक्षाने तसं पोस्टर छापायचं ठरवलं होतं. तिने ते थांबवलं.

निघण्याची वेळ बदलली तर पट्टी आधी बदला. परतायला उशीर होणार असेल तर घरी कळवा आणि कुणालातरी चित्र हलवायला सांगा. "आत्ता येते" असं खोटं सांगून निघू नका. सासूबाईंना दोष देण्यापेक्षा पट्टी लावायचं काम त्यांच्याकडे द्या. ज्योतीताईच्या घरात आता ते त्याच करतात.

राजीनामा तिने दिला नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. त्याचा हिशोब तिने ग्रामसभेत मागितला. त्यावरून वाद झाला आणि सभा लांबली. मधेच बाहेर येऊन तिने नवऱ्याला फोन केला : "मला वेळ लागेल. बाबा आणि झोप, ही दोन चित्रं माझ्या फोटोच्या आधी लावा."