ठराव होता, पाणी नव्हतं

सप्रेम आशीर्वाद.

पत्र मिळालं. वक्तृत्व स्पर्धेला ‘आधी कर्तव्य, मग हक्क’ हा विषय आलाय आणि तुला दोन्ही बाजू पटतात, म्हणून अडलंय असं लिहिलंस. स्पर्धेपुरती कुठलीही बाजू घे, टाळ्या दोन्हीकडे पडतात. पण पुढे वकिली करायची म्हणतेस, तेव्हा माझं मत आत्ताच सांगून ठेवतो. हक्क कर्तव्याची पावती दाखवून मिळत नसतो. आणि कर्तव्यांची यादीच करायची झाली तर कागदावरचा हक्क वापरात आणणं हे तिच्यात सर्वांत वर.

तुझ्या पुस्तकात मानवी हक्कांचा इतिहास १२१५ च्या मॅग्ना कार्टापासून सुरू होत असेल. वाच, पण तिथे फार रेंगाळू नकोस. इंग्लंडचा राजा आणि त्याच्या सरदारांमधला तो व्यवहार होता, शेतात राबणाऱ्यांच्या पदरात त्यातलं थोडंच पडलं. १७८९ चा फ्रेंच जाहीरनामा जास्त मोलाचा, पण त्यातल्या नागरिकांत बायका धरलेल्याच नव्हत्या. ऑलिम्प द गूज या लेखिकेने १७९१ मध्ये स्त्रियांचा वेगळा जाहीरनामा लिहून ते दाखवून दिलं. दोन वर्षांनी तिला तिच्या राजकीय लिखाणापायी गिलोटिनखाली जावं लागलं.

खरा अभ्यास करायचा असेल तर महाडचा कर. आपल्याकडे शाळेत तो एका परिच्छेदात उरकतात. ओंजळीतलं पाणी तेवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं, मागचे-पुढचे कागद कुणी बघत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुल्या. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव घेतला. कागदोपत्री काम फत्ते. प्रत्यक्षात पाणी भरायला कुणी गेलं नाही, कारण गेलो तर काय होईल हे प्रत्येकाला ठाऊक होतं. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा उठावं लागलं: जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचं अनुदान थांबवा. तरीही तळं होतं तिथेच, तसंच.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्या दिवशी नवा हक्क जन्माला आला नाही, आधीच लिहिलेला पहिल्यांदा बजावला गेला. पुढचं बघ. ‘हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली, परिषदेला आलेल्यांवर लाठ्या पडल्या. तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव रद्द केला. डिसेंबरात काही मंडळींनी तळं खाजगी असल्याचा दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

वकील म्हणून मला सर्वांत जास्त शिकवतो तो यानंतरचा भाग. २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली. लोक तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. बाबासाहेबांनी त्या परिषदेचं नातं १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी जोडलं, त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. पण तळ्यावर जाणं मात्र पुढे ढकललं, कारण कोर्टाचा हुकूम होता. एवढ्या संतापलेल्या जमावाला ‘आता कोर्टात लढू’ हे पटवणं किती जड गेलं असेल, विचार कर. माझ्या लेखी कर्तव्य ते हे: आपल्या हक्कासाठी भांडताना स्वतःहून घातलेली शिस्त. दुसऱ्याचा हक्क अडवण्यासाठी त्याला ऐकवायचा उपदेश म्हणजे कर्तव्य नव्हे.

हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. आणि निकालाचा आधार? अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, हे वादींना शाबीत करता आलं नाही. बस. शाबीत झाली असती तर ती वहिवाट न्याय्य आहे का, या प्रश्नाकडे कोर्टाला वळावं लागलं असतं. ती वेळच आली नाही.

आता राज्यघटनेचं कलम १५, पोटकलम २ उघड. जगातल्या घटनांमध्ये स्वातंत्र्य, समता असे भारदस्त शब्द असतात. आपल्या घटनेत विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते आहेत. ‘पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या निधीतून’ चालवलेले हे शब्दही आहेत. बोल्यांचा ठराव शेजारी ठेवून वाच, मग ते तिथे का आले हे मी सांगायला नको. शिवाय हे पोटकलम फक्त सरकारला बजावत नाही, ते गावातल्या शेजाऱ्यालाही बजावतं. वहिवाट किती जुनी, हा प्रश्नच तिथे संपला.

एक योगायोग मला आवडतो. ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी आजच्या कलम ३२ ला, म्हणजे हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या हक्काला, घटनेचा आत्मा म्हटलं. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला. जाहीरनाम्याच्या पाठीशी न्यायालय नव्हतं. आपल्या कलमाच्या पाठीशी होतं.

आता तुझी दुसरी बाजू. तिच्याकडे मोठी माणसं आहेत. गांधीजींनी १९४७ मध्ये युनेस्कोचे तेव्हाचे प्रमुख जुलियन हक्सली यांना कळवलं होतं की हक्क नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच येतात, हे आपण आपल्या आईकडून शिकलो. स्वतःला कसाला लावणाऱ्या माणसाला हे शोभतं. पण महाडमध्ये तळ्यावर मज्जाव असलेल्या बाईचं आधी कोणतं कर्तव्य करायचं राहिलं होतं? गावाची कामं तर ती पिढ्यान्‌पिढ्या करतच होती.

मूलभूत कर्तव्यं घटनेत कधी आली तेही तपास. १९७६, बेचाळिसावी घटनादुरुस्ती, आणीबाणीचा काळ. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत स्थानबद्धाला कोर्टात दाद मागता येत नाही असा निकाल दिला होता. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. हक्कांचं दार बंद आणि कर्तव्यांचा फलक नवाकोरा! कलम ५१-क मधली यादी वाईट आहे असं मी म्हणत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन, स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणं, नद्या-जंगलं जपणं, यातलं काहीच मला नको नाही. पण ती मोडली म्हणून तुझा मूलभूत हक्क जात नाही. केरळातल्या तीन मुलांचा १९८६ चा निकाल वाच. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, धर्मश्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढलं, सर्वोच्च न्यायालयाने परत बसवलं.

आणखी एक फरक भाषणात पक्का ठेव. कलम १५ आणि १९ नागरिकांसाठी आहेत, १४ आणि २१ कुणाही व्यक्तीसाठी. पासपोर्ट संपलेल्या परदेशी माणसालाही जीविताचा हक्क आहे. वक्ते हे नेहमी कालवतात.

स्पर्धा झाली की माझं एक काम कर. तुमच्या वसतिगृहाच्या दुरुस्तीला मंजूर झालेल्या पैशांचं काय झालं, असं तू चिडून लिहिलंयस. वसतिगृह सरकारी आहे, तेव्हा माहितीचा अधिकार लागू. जोडपत्र ‘अ’ भर, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लाव. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तक्रारीचा सूर काढून टाक. ‘का केलं नाही’ विचारू नकोस, त्याला ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर तयार असतं. मंजुरी आदेश, कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिलं, यांच्या प्रती माग, वर्ष घालून.

मग आवक-जावकला जा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणतील. दुसरी प्रत पुढे कर, शिक्का, तारीख आणि सही माग, आवाज न चढवता. वारस नोंदीच्या एका प्रकरणात माझ्या पक्षकार बाई तेवढ्यासाठी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या. पुढे अपिलात त्या शिक्क्यावरची तारीखच कामाला आली. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. ते कसं लिहायचं ते तेव्हा सांगेन.

अर्जाचा मसुदा आधी मला पाठव. शब्द मोजून पाठव, मी मोजणार आहे.

तुझा,
काका