'हू' लिहिलंत, आता 'ही' नको

प्रश्न : मी हिंजवडीतल्या एका कंपनीत ग्राहक सेवेचं काम करते. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. परवा ईमेलमध्ये 'द कस्टमर हू कॉल्ड यस्टरडे ही वॉन्ट्स अ रिफंड' असं लिहिलं. वरिष्ठांनी 'ही' खोडला, कारण सांगितलं नाही. 'द प्लेस व्हेअर आय व्हिजिटेड' हेही चूक म्हणाले. हू, विच, दॅट, व्हेअर नेमके कसे वापरायचे?
— एक वाचक, वारजे, पुणे

उत्तर : कारण न सांगता शब्द खोडला की माणूस पुढचं पत्र भीत भीत लिहितो, म्हणून आधी कारण सांगते.

तो 'ही' तुमच्या मराठीतून आला आहे. आपण म्हणतो, 'जो ग्राहक काल फोनवर बोलला, तो पैसे परत मागतोय.' 'जो' आला की कान 'तो'ची वाट बघतो. इंग्रजीत ही जोडी नाही. 'हू कॉल्ड यस्टरडे' एवढ्या शब्दांवर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा : 'द कस्टमर ही वॉन्ट्स अ रिफंड.' कर्ता दोनदा आला, हे लगेच दिसेल. 'द कस्टमर' हाच 'वॉन्ट्स'चा कर्ता, तिथे 'ही'ला जागाच नाही. 'द फॉर्म विच आय फिल्ड इट' यातला 'इट'ही असाच जादा, कारण त्याचं काम 'विच'नं केलेलं आहे.

नारायण पेठेत मी वर्षानुवर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या. 'जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम, ज्याचा म्हणजे हूज' असा तक्ता पाठ करून आलेली मुलं हमखास इथेच अडायची. तो तक्ता खोटा नाही, पण त्याच्यामागून 'तो' गुपचूप वाक्यात शिरतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की वाक्य मनात जुळवताना 'जो-तो' धरूच नका. आपल्याकडे दुसरी, बोलण्यात जास्त रुळलेली रचना आहे : 'काल फोन केलेला ग्राहक पैसे परत मागतोय', 'मी भरलेला फॉर्म', 'पुण्यात राहणारी बहीण'. यात 'तो' नाहीच, मग इंग्रजीत उतरणार कुठून? फक्त क्रम उलटा करायचा. आपलं वर्णन नामाच्या आधी येतं, इंग्रजीत ते नामाच्या मागे जातं. 'मी भरलेला फॉर्म' म्हणजे 'द फॉर्म आय फिल्ड'. इथे 'विच' गाळला तरी चालतो, कारण फॉर्म हे 'फिल्ड'चं कर्म आहे. 'हू कॉल्ड'मधला 'हू' मात्र कर्ता आहे, तो गाळता येत नाही.

आता 'व्हेअर'. जागेचं नाव आलं की 'व्हेअर' लिहायचं, असा समज सर्रास आढळतो. त्याऐवजी ती जागा वाक्यात परत ठेवून बघा. 'आय व्हिजिटेड शनिवारवाडा' यात 'इन' लागत नाही, म्हणून 'द प्लेस विच आय व्हिजिटेड'. 'द पेशवाज लिव्ह्ड इन शनिवारवाडा' यात 'इन' लागतो, म्हणून 'द प्लेस व्हेअर द पेशवाज लिव्ह्ड'. वाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. ते साल सांगायचं तर पुन्हा 'विच'च लागेल, कारण तिथे वाडा हाच कर्ता होतो : 'शनिवारवाडा, विच वॉज इनॉग्युरेटेड इन १७३२'.

'दॅट' की 'विच' यावर फार झुरू नका. इंग्रजी शब्दवापराचे ब्रिटिश कोशकार फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात दोघांची कामं वाटून द्यावीत असं सुचवलं. अमेरिकी संपादक ते बरंच पाळतात, ब्रिटिश लेखनात दोन्ही चालतात. स्वल्पविरामानंतर मात्र 'दॅट' टाळा.

आणि स्वल्पविरामाकडे खरंच लक्ष द्या, नोकरीत त्यानं अर्थ फिरतो. 'द एम्प्लॉईज हू फिनिश्ड द ट्रेनिंग विल गेट अ बोनस' म्हणजे ज्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलं त्यांनाच बोनस. 'एम्प्लॉईज'नंतर आणि 'ट्रेनिंग'नंतर स्वल्पविराम दिलेत, तर सगळ्यांनी प्रशिक्षण पूर्ण केलं आणि बोनस सगळ्यांनाच, असा अर्थ होतो. अशी मेल पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा. जिथे थांबल्यावर अर्थ बदलतो, तिथे स्वल्पविराम हवा की नको, हे आधी ठरवा आणि मगच पाठवा.