शब्द शेवटी सांगा : चित्रकलेच्या तासाविषयी प्रश्नोत्तरे

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ आहे. वेळ, शांतता, अनंत अशा हाताला न लागणाऱ्या गोष्टी चित्रातून शिकवायच्या, तर आधी समजावून सांगायचं की आधी काढू द्यायचं? तासाची आखणी कशी करायची? म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

पाचवीला ३५ मिनिटांच्या तासाला तैलखडू द्यावेत की जलरंग? (शिक्षिका, भांडुप)

तैलखडू. जलरंग जोडतासालाच काढा.

सातवीला ‘शांतता’ हा विषय दिला. जवळजवळ सगळ्या वर्गाने पांढरं कबूतर काढलं, उरलेल्यांनी डोंगरामागचा सूर्य. या मुलांना कल्पनाशक्तीच नाही का? (शिक्षक, गोवंडी)

आहे. तुम्ही फळ्यावर ‘शांतता’ लिहिलंत तिथेच तिची वाट बंद झाली. शब्द दिसला की मूल त्या शब्दाची ठरलेली खूण शोधतं. शांततेला कबूतर, न्यायाला तराजू, प्रेमाला बदाम. पोस्टर स्पर्धांमध्ये वर्षानुवर्षं आपण मोठ्यांनीच त्यांना हे पाठ करून दिलं आहे. मुलांनी तुम्हाला अपेक्षित उत्तर दिलं, विचार करण्याची वेळ त्यांच्यावर आलीच नाही.

पुढच्या वेळी विषय सांगूच नका. कागद वाटण्यात पाच मिनिटं जातील, ती हिशेबात धरा. मग पाच मिनिटं : ‘वर्गात जे आवाज ऐकू येतात ते पेन्सिल न उचलता रेषेने कागदावर उतरवा.’ पंखा, बाहेरचा हॉर्न, शेजारच्या वर्गातले पाढे, बाक सरकल्याचा आवाज. वस्तू काढायची नाही, फक्त रेष. त्यानंतर दुसऱ्या कागदावर दहा मिनिटं : ‘हेच आवाज एकेक करून थांबत गेले आणि शेवटी पंखा तेवढा उरला. आता तुमची रेष कशी चालेल?’ मग सगळे कागद व्हरांड्यात जमिनीवर मांडा आणि पाच मिनिटं कोणीही न बोलता बघा. तुम्हीसुद्धा. उरलेल्या दहा मिनिटांत एवढंच विचारा : ‘कुठल्या कागदावर डोळा सावकाश फिरतो? का?’ मुलं ‘मोकळं’, ‘हळू’, ‘रिकामं’ असे शब्द देतील. ‘शांतता’ हा शब्द त्यांच्याकडून आला तर उत्तम, नाही आला तर शेवटच्या मिनिटाला तुम्ही द्या.

तास अपुरा पडला की शिक्षक नेमकी ती न बोलता बघायची पाच मिनिटं कापतात. हे मी इतक्या वर्गांत पाहिलं आहे की आता मन विषण्ण होतं. कापायचंच असेल तर दुसरं चित्र पुढच्या तासाला न्या, बघणं कापू नका. हात थांबल्यावरच मुलाला स्वतःचं काम दिसतं. आणि एका तासाला एकच संकल्पना. शांतता, एकता आणि पर्यावरण एकाच तासात उरकायची घाई कोणासाठी?

चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी आपल्या प्राथमिक शाळेची एक आठवण सांगितली आहे. अभ्यासात चित्त लागत नव्हतं, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं. त्या मुलाला बिंदूचा अर्थ कोणी समजावला नव्हता. तो बिंदू त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला, तोवर कित्येक दशकं उलटली होती. तुमच्या सातवीला निदान एक तास तरी द्या. अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांच्या प्रतिमा दाखवायच्या असतील तर मुलांचं काम झाल्यावर दाखवा. आधी दाखवल्यात तर कबुतराच्या जागी गायतोंडे येतील, नक्कल नक्कलच राहील.

‘न्याय’ किंवा ‘स्वातंत्र्य’ घेणार असाल तर आधी मराठीच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांशी बोला. तो धडा झाला आहे की व्हायचा आहे, यावर तासाची आखणी बदलते.

मुलगी सहा वर्षांची आहे, सगळं काळ्या खडूनेच काढते. चित्रांवरून स्वभाव ओळखणाऱ्या एका ऑनलाइन कोर्समध्ये हे नैराश्याचं लक्षण सांगितलं. (पालक, बोरिवली)

एका रंगावरून असं निदान होत नाही. काळा खडू कागदावर ठळक उठतो, म्हणून पुष्कळ मुलांना आवडतो. कधी पेटीत तोच अख्खा उरलेला असतो. आईबापांच्या काळजीवर पैसे कमावणाऱ्या या कोर्सांचा मला मनापासून राग येतो. चित्र बाजूला ठेवा आणि मुलीकडे बघा. झोप, जेवण, खेळणं, बोलणं यांत बदल झाला असेल तर शाळेच्या समुपदेशकांना किंवा बालरोगतज्ज्ञांना भेटा, आणि ते महिनाभर लांबवू नका.

‘उजवा मेंदू जागवणारा’ चित्रकला संच घ्यावा का? (पालक, मुलुंड)

नको. ही उजव्या-डाव्या मेंदूची गोष्ट मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांच्या संशोधनावरून आली. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं ते मेंदूच्या दोन अर्धगोलांवरच्या कामासाठी, आणि त्यांनी तपासलेल्या रुग्णांमध्ये या अर्धगोलांना जोडणारा दुवा शस्त्रक्रियेने कापलेला होता. धडधाकट मुलाचा अर्धा मेंदू झोपलेला असतो, असं त्यातून निघत नाही. त्या पैशांत पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे आणि चांगल्या पेन्सिली येतील.

आठवीला ‘अनंत’ चित्रातून कसं पोहोचवावं? मी गणित शिकवते. (शिक्षिका, दादर)

प्रश्न फार आवडला. प्रत्येकाला एक चौकोन आखू द्या. अर्धा भाग रंगवायचा. मग जो कोरा उरला त्याचा अर्धा. पुन्हा उरलेल्याचा अर्धा. प्रत्येक पायरीला नवी छटा, आणि दोन पायऱ्यांमध्ये पूर्ण एक मिनिट, कारण घाईत रंगवलं की अर्धं हे अर्धं राहत नाही. सातव्या पायरीला चौकोनाचे १२८ पैकी १२७ भाग भरलेले असतात, तरी कोपऱ्यात कोरा तुकडा असतोच. कोणीतरी वैतागून म्हणेल, ‘बाई, हे संपणार कधी?’ तुम्ही ज्या क्षणाची वाट बघत होतात तो हाच. उत्तर देऊ नका, तोच प्रश्न वर्गाला परत विचारा. ‘अनंत’ हा शब्द त्यानंतर. आधी शाळेच्या कलाशिक्षकांबरोबर स्वतः एकदा करून बघा, म्हणजे चौकोन किती मोठा घ्यायचा ते कळेल.

तिसरीला ‘वेळ’ शिकवताना घड्याळ काढून घ्यावं का? (शिक्षक, परळ)

घड्याळ नंतर. मैदानात मित्राच्या सावलीभोवती खडूने रेष काढा, तासाभराने त्याच जागी तोच मित्र, पुन्हा रेष. दिवसात तीन पुरेत. हे डिसेंबर-जानेवारीत करा. जुलैच्या अखेरीस मुंबईत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि वर पाऊस.

या सगळ्यामुळे एलिमेंटरी या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेच्या तयारीवर परिणाम होईल का? (पालक, चेंबूर)

नाही. तिचा सराव वेगळा करावा लागतोच. नियम आणि तारखा कलाशिक्षकांकडून घ्या, क्लासच्या जाहिरातीवरून नको.

चौथीतला मुलगा चित्र सगळ्यांत शेवटी सुरू करतो आणि शेजाऱ्याचं बघून काढतो. दोन वर्षं ‘मोठा झाला की सुधारेल’ असं ऐकतो आहोत. (पालक, घाटकोपर)

दोन वर्षं फार झाली. फळा नीट दिसत नसेल तर मूल शेजाऱ्याच्या वहीत बघणारच, आणि नीट दिसत नाही हे त्याला स्वतःला कळत नाही. कारण दुसरंही असू शकतं, पण सुरुवात डोळ्यांपासून करा. याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्या, रंगांची ओळखही तपासायला सांगा. डोळे ठीक निघाले तर वर्गशिक्षकांना भेटून लिहिताना, वाचतानाही असंच होतं का ते विचारा. होत असेल तर समुपदेशकांकडे जा. तोवर त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगा. आणि घरी त्याच्या कागदावर तुम्ही रेष ओढू नका.