हुकलेल्या मैफलींविषयी नव्या श्रोत्यास
तुम्ही नुकतेच शास्त्रीय संगीत ऐकू लागला आहात, म्हणून स्वानुभवातून सांगतो की ज्येष्ठ कलावंताची मैफल ‘पुढच्या वर्षी ऐकू’ म्हणून सोडू नका. पुण्यात राहत असूनही मी किशोरीताई आमोणकरांचे गायन नोकरीच्या सबबीवर दोनदा टाळले आणि ३ एप्रिल २०१७ रोजी त्या गेल्यावर ती संधी कायमची संपली. त्यांची ध्वनिमुद्रणे मी आजही ऐकतो. परंतु तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत सभागृहात पसरणारी शांतता त्यांत नसते, आणि माझ्या मते रागाचे वातावरण तिथूनच आकार घेऊ लागते. सवाई गंधर्व महोत्सवात खुर्ची परवडत नसेल, तर भारतीय बैठकीचे तिकीट काढा; मात्र आरंभापासून बसा, कारण विलंबित ख्यालातील बढत, म्हणजे संथ लयीत टप्प्याटप्प्याने होणारा रागाचा विस्तार, मध्येच येणाऱ्याच्या हाती लागत नाही.