मुंबईतल्या कॉलेजात पाणी वाचवायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुमचं कॉलेज उपनगरात, मुलं हजारेक, आवार लहान आणि नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) तपासणीची तयारी चालू. सोलर, बाग आणि पावसाचं पाणी यांतलं आधी काय करावं, असं तुम्ही विचारलंय. इमारतींच्या पाण्याच्या लाइनी आखणं हे माझं रोजचं काम आहे, आणि मी सुरुवात संडासापासून करायला सांगेन.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दिवसा भरणाऱ्या शाळा-कॉलेजांसाठी माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. त्यातले २० लिटर एकट्या फ्लशचे. म्हणजे तुमच्याकडे रोज २०,००० लिटर पाणी फ्लशमध्ये जाणार. हे पाणी भातसा, तानसा अशा धरणांतून येतं, भांडुप-पांजरापूरला शुद्ध होतं आणि मग आपण ते संडासात ओततो. ही दोन्ही धरणं ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका टँकरची वाट बघत असतात. मला हे मनापासून खटकतं, म्हणून कुठल्याही कॉलेजात गेलो की बागेच्या आधी गच्चीवरच्या टाक्या बघतो.

पहिली तपासणी फुकटची आहे. शनिवारी सगळे गेल्यावर पंप बंद ठेवा, गच्चीवरच्या टाकीत आतून पाण्याच्या पातळीवर खूण करा आणि सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत पुन्हा बघा. टाकी ४ मीटर बाय ३ मीटर असेल आणि पातळी १० सेंटिमीटर उतरली असेल, तर इमारत रिकामी असताना १,२०० लिटर पाणी गेलं. मग एकेका फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं कोणालाही वापरू देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय. बहुतेक गळती अशी बिनआवाजाची असते, ठिबकणारा नळ निदान दिसतो तरी. फ्लशच्या जुन्या टाक्या बदलताना दोन बटणांच्या घ्या, एक बटण कमी पाण्याचं, एक जास्त पाण्याचं.

आता पाऊस. मुंबईत जून ते सप्टेंबर २,००० मिमीहून जास्त पडतो. तुमची गच्ची ५०० चौरस मीटर धरली आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी हंगामात ८ लाख लिटर मिळतात. आकडा मोठा वाटतो, पण तो फ्लशच्या ४० दिवसांचा आहे. शिवाय एवढं पाणी साठवायला तुमच्याकडे जागा नाही. त्यामुळे वर्षभर पुरवायचा विचार सोडा. पाऊस येईल तसा वापरायचा. एका दिवसात ५० मिमी पडला तर याच गच्चीवरून २०,००० लिटर उतरतात, म्हणजे त्या दिवसाचा फ्लश सुटला. यासाठी दोन-तीन दिवसांचं पाणी मावेल एवढी टाकी बास.

खरा खर्च वेगळ्या लाइनीचा आहे. फ्लशची टाकी आणि पाइप पिण्याच्या पाण्यापासून पूर्ण वेगळे हवेत, पाइपला रंगही वेगळा द्या. पावसाच्या टाकीत पालिकेचं पाणी भरायची वेळ आली तर नळाचं तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर ठेवा. लाइन थेट जोडली तर घाण पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत शिरू शकतं, आणि इथे मुलांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. झाकण डास शिरणार नाहीत असं घट्ट हवं. गच्ची आणि पन्हळी मे महिन्याच्या सुट्टीतच धुऊन घ्या. पहिल्या सरींचं पाणी कबुतरांची घाण घेऊन येतं, ते बाहेर सोडायला वेगळा व्हॉल्व्ह लागतो.

ही लाइन एकदा झाली की उरलेले आठ महिनेही ती कामाची. हात धुवायच्या बेसिनचं पाणी गाळून आणि निर्जंतुक करून त्यातच सोडता येतं. एसीचं पाणीही चालतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते भरपूर निघतं. कॅन्टीनचं तेलकट पाणी आणि लॅबचं पाणी मात्र त्यात अजिबात नको. पिण्यासाठी आरओ (क्षार काढणारा फिल्टर) लावला असेल तर त्याचाही विचार करा. पालिकेच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्याला किरणांनी जंतू मारणारा यूव्ही फिल्टर पुरतो. आरओ एक लिटरमागे दोन-तीन लिटर फेकून देतो.

शोषखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, सगळीकडे चालत नाही. भरणीच्या किंवा खाडीलगतच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी खालूनच वर येतं. मुलुंड, बोरिवलीसारख्या चढाच्या बाजूला मुरूम लागला तर जरूर करा. आवारात जुनी विहीर असेल तर आधी तिचा गाळ काढा.

बागेबद्दल थोडक्यात: लॉन नको. बहावा, करंज, ताम्हण लावा आणि पेव्हर ब्लॉक झाडाच्या बुंध्यापर्यंत नेऊ नका. सोलर चांगलंच आहे, पण पॅनलचे खांब रोवण्याआधी गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग करून घ्या. नंतर तिथे हात पोचत नाही.

तुमच्याकडे फ्लशची टाकी आधीच वेगळी आहे का, आणि संडास मजल्यामजल्यावर एकाखाली एक आहेत का, हे कळवा. तसे असतील तर डक्टमधून (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतून) एकच उभी लाइन टाकून काम होईल, भिंती फोडाव्या लागणार नाहीत.